गावात जिल्हा परिषदेची शाळा असताना लेकरं कॉन्व्हेंटच्या गाडीत का बसतात?

पांदणरस्ता:
गावात जि. प. ची चौथीपर्यंतची शाळा आहे. शिक्षक डी.एड. झालेले, पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण सगळं फुकट. तरी पाच एकर कोरडवाहूचा कास्तकार लेकराला दहा-बारा किलोमीटरवर तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे खाजगी इंग्रजी शाळेत टाकतो आणि वेळ पडली तर त्यासाठी व्याजानं पैसे उचलतो. 'इंग्रजीचं खूळ' म्हणून हा विषय झटकून टाकतात, ते मला पटत नाही. व्याजानं पैसे काढणारा माणूस काहीतरी हिशोब करूनच काढतो. तो हिशोब कोणता? आणि ज्यांचं खाजगी शाळेचं पक्कं ठरलं आहे त्यांनी जूनच्या आधी काय काय तपासायला पाहिजे? आपापल्या घरच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवून कामाची माहिती द्यावी ही विनंती.

खडूफळा:
हिशोब सहाव्या वर्षी होत नाही, तिसऱ्या वर्षी होतो. जि. प. शाळेत पहिलीच्या आधीचा वर्ग सहसा नसतो. तीन ते सहा वर्षांचं लेकरू अंगणवाडीत जातं. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, आणि तिथल्या एकट्या सेविकेकडे आहार, वजन-उंची, लसीकरणाची मदत, गृहभेटी, मोबाईलवरच्या नोंदी असं सगळंच असतं. बाराखडी, अंक, गाणी यांना दिवसातला किती वेळ उरणार? कॉन्व्हेंटची गाडी त्याच वयात दारात उभी राहते. नर्सरी, के.जी. वन, के.जी. टू अशी तीन वर्षं तिथे काढलेलं लेकरू पहिलीला गावच्या शाळेत परत येत नाही. पुस्तकं बदलतात, माध्यम बदलतं, सोबतचे मित्र सुटतात. पहिलीच्या पटनोंदणीसाठी शिक्षक जूनमध्ये घरोघरी फिरतात, तोवर तीन वर्षांचा उशीर झालेला असतो.

दुसरं कारण शिक्षकसंख्येचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत विद्यार्थी असतील तर २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. खेड्यात पट ३५-४० असतो. म्हणजे चार वर्गांना दोन शिक्षक, आणि एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. त्यातला एक केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाकडे. पालकाला कायदा माहीत नसतो, पण खिडकीतून हे रोज दिसतं. कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक वर्गात एक मॅडम उभी असते. ती बारावी झालेली आहे की डी.एड., ते खिडकीतून दिसत नाही.

तूरदाळ:
@खडूफळा, शेवटच्या वाक्याशी सहमत. आणखी एक भर घाला: डायरी. रोज संध्याकाळी लेकराच्या दप्तरात लिहिलेला गृहपाठ येते. मायबापाले वाचता येवो न येवो, शाळेत आज काहीतरी झालं एवढं तरी समजते. जि. प. च्या कितीक चांगल्या शाळा इथंच मागं पडतात. शिकवतात, पण घरी कळत नाही.

सातबारा:
तपासायचं काय, ते मी लिहितो. आधी शाळेचा प्रकार ओळखा, कारण 'खाजगी' म्हटल्यावर आपल्याकडे सगळंच एका पोत्यात भरतात. अनुदानित शाळा संस्थेची असते, पण पगार सरकार देतं आणि आठवीपर्यंत फी नसते. खेड्यापाड्यातली बहुतेक जुनी हायस्कुलं याच प्रकारची. डॉ. पंजाबराव देशमुखांची श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची, ती परंपरा ही. दुसऱ्या अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचं अनुदान टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या. तिसऱ्या स्वयंअर्थसहाय्यित, २०१२ च्या कायद्याखाली निघालेल्या. त्यांचा सगळा खर्च फीमधून. तालुक्याच्या रस्त्यावर नव्यानं दिसणाऱ्या कॉन्व्हेंट बहुतेक या तिसऱ्या प्रकारातल्या.

मग कागद मागा. लाजू नका.

१. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. ११ अंकी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढचे दोन अंक जिल्ह्याचे. यू-डायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं नाव, व्यवस्थापन, माध्यम, कोणत्या वर्गापासून कोणत्या वर्गापर्यंत, सगळं दिसतं.

२. मान्यता आदेश, आणि तो कोणत्या वर्गापर्यंत आहे ते. खरी गफलत इथे होते. मान्यता चौथीपर्यंत आणि वर्ग भरतात सहावीपर्यंत. मग वरच्या वर्गातल्या मुलांची नावं दुसऱ्याच एखाद्या शाळेच्या हजेरीवर असतात. लेकरू बसतं एका शाळेत, दाखला निघतो दुसरीचा.

३. शिक्षण हक्क कायद्याखालचं मान्यता प्रमाणपत्र, नमुना २. मुदत तीन वर्षांची. तारीख बघा.

४. 'सीबीएसई पॅटर्न' असं फलकावर असेल तर संलग्नता क्रमांक विचारा आणि मंडळाच्या यादीत शोधा. नुसती त्या पद्धतीची पुस्तकं वापरली म्हणून शाळा संलग्न होत नाही. क्रमांक नसेल तर ती राज्य मंडळाच्या मान्यतेची शाळा. तसं असायला हरकत नाही, पण सीबीएसईच्या नावानं जास्त फी कशाला द्यायची?

वर्धाकाठची:
सातबारा भाऊंची यादी उपयोगाची आहे, पण कागद पक्के असले म्हणजे शिकवणं पक्कं असं होत नाही. आणि @खडूफळा, पालकांचा हिशोब तुम्ही नीट मांडलात, पण तो हिशोब बरोबर आहे का, हे कोणीच बोलत नाही. घरी वऱ्हाडी, कोलामी किंवा गोरमाटी (बंजारा) बोलणारं लेकरू, शिकवणारी मॅडम स्वतः इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलू शकत नाही, आणि पुस्तक सगळं इंग्रजीत. मग होतं काय? स्पेलिंग पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, फळ्यावरचं वहीत. तिसरीपर्यंत ९० टक्के गुण पडतात, कारण पेपर त्याच पाठ केलेल्या प्रश्नांचा. चौथी-पाचवीत शाब्दिक उदाहरणं आली की गणित अडतं. अडचण गणिताची नसते, वाक्य कळत नाही.

शाळा ठरवण्याआधी तिथल्याच दुसरी-तिसरीच्या दोन-तीन मुलांना शाळेबाहेर भेटून पाहा. बालभारतीच्या दुसरीच्या मराठी पुस्तकातलं पाठ नसलेलं पान द्या. अडखळत का होईना, सलग वाचतात का? मग त्यांच्याच इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य वाचायला सांगा आणि 'याचा अर्थ तुझ्या भाषेत सांग' म्हणा. शेवटी हातच्याची एक वजाबाकी, ५२ वजा २७ सारखी. दहा मिनिटं लागतात. तीनही जमत असेल तर शाळा चांगली आहे, मग फलक कोणताही असो. हीच परीक्षा गावच्या जि. प. शाळेतही करा. कितीतरी ठिकाणी निकाल पालकांच्या अंदाजाच्या उलट निघेल.

तूरदाळ:
ताई, ५२ वजा २७ मधी तर बापाचीही परीक्षा होऊन जाईन 🙂

खडूफळा:
@वर्धाकाठची, परीक्षा योग्य आहे, फक्त ती दिवाळीनंतर घ्या. जून-जुलैत दुसरीची मुलं सुट्टीतून आलेली असतात, निकाल उगाच वाईट दिसतो. मधला मार्गही सांगायला हवा: सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. जि. प. आणि अनुदानित, दोन्हींत मिळतं. मात्र पहिलीपासून नावापुरतं सेमी करण्यापेक्षा आधी मराठी वाचन पक्कं व्हावं आणि पाचवीपासून सेमी सुरू व्हावं, असं माझं मत. शब्दांची अदलाबदल त्या वयात झेपते. आठवीत माध्यम बदललं तर नववीत दम लागतो.

वर्धाकाठची:
पाचवीबद्दल एकमत. पहिलीबद्दल मात्र नाही. शिक्षक चांगला असेल तर पहिलीपासूनही सेमी चालतं. प्रश्न परत शिक्षकाचाच येतो. म्हणून खाजगी शाळेत एक गोष्ट जरूर विचारा: दोन वर्षांपूर्वीच्या शिक्षकांपैकी आज किती जण आहेत? पगार तुटपुंजा असला की दरवर्षी अर्ध्या मॅडम बदलतात आणि नवीन येणारीला मुलं ओळखण्यातच दिवाळी येते.

पांदणरस्ता:
आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांबद्दल कोणी नीट सांगेल का? फुकट प्रवेश म्हणून खूप ऐकू येतं, पण खेड्यातल्या फारच थोड्यांना मिळालेला दिसतो.

सातबारा:
त्याचं कारण अंतर. कायद्याचं कलम १२(१)(ग). विनाअनुदानित शाळेनं प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या. अर्ज ऑनलाइन, एका अर्जात १० शाळांपर्यंत निवडता येतात, सोडत राज्य पातळीवर. पण प्राधान्य आधी १ किलोमीटरच्या आतल्या घरांना, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना. शाळा तालुक्याला आणि घर १२ किलोमीटरवर खेड्यात, मग नंबर कसा लागणार? गावाला लागून रस्त्यावर एखादी कॉन्व्हेंट असेल तर मात्र अर्ज जरूर करा.

चुका कुठे होतात ते लिहून ठेवा. नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडते. खेड्यात गावाचं नाव टाकलं की खूण भलतीकडेच जाऊन बसते. ती हातानं सरकवून स्वतःच्या घरावर आणा, कारण पडताळणीत अंतर जुळलं नाही तर लागलेला प्रवेश रद्द होतो. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या, ओबीसी, विशेष मागास यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. इतर दुर्बल घटकांना १ लाखाच्या आतलं उत्पन्न आणि तहसीलदारांचा दाखला. हे दाखले सोडत लागल्यावर काढायला धावू नका, त्यावेळी सेतू केंद्रावर रांग असते.

आणखी दोन गोष्टी. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी सुरू होते, ते आजच गृहीत धरा. दुसरी: सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट, असा बदल ९ फेब्रुवारी २०२४ ला आला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो १९ जुलै २०२४ ला रद्द केला. तेव्हा 'गावात जि. प. आहे, आमच्याकडे आरटीई नाही' असं कोणी सांगितलं तर ते चालत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हे कलम लागू नाही.

मेळघाटी:
आदिवासी पालकांसाठी वेगळी वाट आहे, ती कोणी सांगितली नाही. आदिवासी विकास विभाग अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित निवासी इंग्रजी शाळांत पहिलीपासून पाठवतो, खर्च विभागाचा. अर्ज प्रकल्प कार्यालयात: धारणी, पांढरकवडा, पुसद, अहेरी, देवरी, ज्याचं जे असेल तिथे. पण सहा वर्षांचं कोरकू लेकरू घरापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर ठेवायचं, हा निर्णय फीच्या आकड्यावर घेऊ नका. वसतिगृह स्वतः पाहा. रात्री मुलींच्या खोल्यांजवळ कोण झोपतं, आजारी पडलं तर कोणत्या दवाखान्यात नेतात, घरी बोलायला फोन कोणत्या दिवशी मिळतो, लेकराची भाषा समजणारं एक तरी माणूस तिथे आहे का. या चार प्रश्नांची उत्तरं लगेच मिळाली पाहिजेत.

बसथांबा:
गाडीबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही, अन् अर्धी शाळा तर गाडीच आहे.

नंबर प्लेट पाहा. पिवळी असेल तर भाड्यानं वाहतुकीचा परवाना. पांढऱ्या प्लेटची ओम्नी भाड्यानं लेकरं नेत असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. फिटनेस, विमा, परवाना या तिन्हीच्या तारखा चालकाकडून मोबाईलवर मागा. शाळेच्या बसला महिला सहायक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक पाहिजे, अन् शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला पाहिजे. राज्याचे २०११ चे नियम आहेत. 'गाडी आमची नाही, चालकाची आहे' असं शाळा म्हणत असेल तर तेच लिहून मागा.

मग सीटं मोजा, अन् लेकरं मोजा. गाडी फेरी कुठून सुरू करते ते पाहा. पहिल्या थांब्याचं लेकरू सकाळी सगळ्यात आधी चढते अन् संध्याकाळी बहुतेक सगळ्यात शेवटी उतरते. बारा किलोमीटरच्या शाळेले त्याचा जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास होते. के.जी. च्या लेकरासाठी हे फार झालं. पावसाळ्यात नाल्याले पूर आला, काळ्या मातीचा रस्ता बसला, का गाडी फाट्यापर्यंतच येते. त्या दिवशी फाट्यावर कोण उभं राहणार, ते जूनमधीच ठरवा.

तूरदाळ:
अन् एप्रिल विसरले का भाऊ? सकाळची शाळा सुटते तवा पत्र्याची गाडी तापलेली. आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात त्या उगाच नाही. २०२५ ले बाकी महाराष्ट्रात १६ जूनले उघडल्या, विदर्भात २३ ले. काही कॉन्व्हेंट मात्र नवीन सत्र एप्रिलमधीच चालू करतात. प्रवेश घेताना वर्षाचं वेळापत्रक मागा, अन् लहान्याच्या पाण्याच्या बाटलीचा आकार त्याच्यावरून ठरवा.

कपाशी_बोंड:
खर्चाचं सांगतो. फी विचारतात, बाकीचं विचारत नाहीत. समजा वर्षाची फी १६,००० सांगितली. गाडी महिना १,२०० प्रमाणे दहा महिने १२,०००. पुस्तकं-वह्या ४,५००. दोन गणवेश, खेळाचा एक, बूट-मोजे ३,५००. टाय, बेल्ट, ओळखपत्र, डायरी ६००. स्नेहसंमेलन ८००. दुसरीपासून शिकवणी लागली तर महिना ५०० नं ५,०००. बेरीज ४२,४००. म्हणजे सांगितलेल्या फीच्या अडीचपटीच्या वर. आपापल्या शाळेचे आकडे टाकून ही बेरीज प्रवेशाआधी कागदावर करा, अन् दहावीपर्यंत ती वाढतच जाणार हे धरून चाला.

दुसरी अडचण महिन्याची. फी, पुस्तकं, गणवेश सगळं जूनमध्ये, अन् बी-बियाणं-खतही जूनमध्येच. आपला पैसा येतो कधी? सोयाबीनचा ऑक्टोबरात, कापसाचा दिवाळीच्या पुढे, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. मधल्या चार महिन्यांसाठी सावकार गाठावा लागतो, अन् शाळा महाग पडते ती त्या व्याजानं. म्हणून हप्ते पिकाप्रमाणे मागा: जूनमध्ये पाव, नोव्हेंबरात अर्धी, फेब्रुवारीत पाव. खेड्यातली मुलं जास्त असलेल्या शाळेला हे मान्य करावंच लागते. फक्त तोंडी नको, पावतीवर किंवा प्रवेश अर्जावर लिहून घ्या. नगदी दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

सातबारा:
कपाशी भाऊंच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ करायचा. कार्यकारी समितीत पालक घ्यायचे ते इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून. फीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. समितीवर कोण आहे ते फलकावर लावलेलं असायला हवं. देणगीच्या नावाखाली प्रवेशशुल्क घेणं आणि आठवीपर्यंत लेकराची किंवा आईबापाची परीक्षा घेऊन प्रवेश देणं, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं बंदी आहे.

नवोदय_सराव:
थोडं वेगळं, पण पालकांच्या हिशोबात हे बसतच नाही म्हणून लिहितो. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. पण ग्रामीण कोण? राहायला खेड्यात असणारा नव्हे. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण शिकलेला. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीतल्या कॉन्व्हेंटमध्ये यातलं एक सत्रही गेलं तर लेकरू शहरी गणलं जातं, घर वावरात असलं तरी. शिवाय शाळा मान्यताप्राप्त हवी. वर सातबारांनी सांगितलेला 'बसतं एकीकडे, नाव दुसरीकडे' प्रकार असेल तर इथेही अडकतं.

एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीचंही तसंच. आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच बसता येतं. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतला कितीही हुशार असला तरी नाही. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे कोरडवाहू कास्तकाराची बहुतेक मुलं बसतात. पाचवीनंतर तालुक्याच्या अनुदानित शाळेत आणलं तर ही शिष्यवृत्तीची वाट उघडी राहते.

वर्धाकाठची:
नवोदयचा हा नियम इतक्या स्पष्टपणे फार कमी पालकांना माहीत असतो. धन्यवाद.

पांदणरस्ता:
माहिती भरपूर मिळाली. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला. ज्यांना परवडत नाही, तरी गावची शाळा नको वाटते, त्यांनी काय करावं? आणि कॉन्व्हेंटमधून परत आणायचं असेल तर दाखल्याची अडवणूक होते म्हणतात.

सातबारा:
दाखल्याचं आधी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५: मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. फी थकली असली तरी वयानुसार वर्गात बसवायलाच हवं. ऑनलाइन नोंद जुन्या शाळेच्या लॉगिनमध्ये अडकते. नवीन शाळेनं मागणी टाकायची, आणि जुनी सोडत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. दाखला हातात आला की नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात या चार नोंदी तिथेच उभं राहून वाचा. काही शाळांच्या दाखल्यात जातीचा रकाना कोरा असतो. पुढे जात पडताळणीला शाळेच्या नोंदी लागतात, तेव्हा तो कोरा रकाना नडतो.

खडूफळा:
पहिल्या भागाचं मी सांगतो. जि. प. शाळेत पालकाला जो अधिकार आहे तो कॉन्व्हेंटमध्ये नाही. त्याच कायद्याच्या कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती सरकारी आणि अनुदानित शाळेला लागू आहे, विनाअनुदानितला नाही. त्यात किमान तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. खेड्यात ती बहुतेक कागदावर असते, कारण ज्यांना बोलता येतं त्यांची लेकरं गाडीत बसून गेलेली असतात.

पंधरा-वीस पालकांनी ठरवलं तर करता येण्यासारखं एक ठोस काम आहे: के.जी. चा वर्ग. जि. प. शाळेतली रिकामी खोली, समितीचा ठराव, गावातलीच शिकलेली एक सून किंवा मुलगी लोकवर्गणीतून मानधनावर. समजा २० लेकरं आणि महिना ३०० रुपये वर्गणी, तर ६,००० जमतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शिक्षणासाठी तरतूद असते, तिच्यातून खेळणी, रंगकाम, बसायच्या चटया मागा. ठराव मात्र ग्रामसभेत घ्या, म्हणजे सरपंच बदलला तरी टिकतो. अंगणवाडी ताईंना सोबत घ्या, त्यांच्या वेळेशी भांडण नको. आहार आणि तपासणी तिकडे, दोन तास शिकणं इकडे.

यानं पट टिकतो. पट ६० च्या वर गेला तर कायद्याच्या परिशिष्टानुसार तिसरा शिक्षक मागता येतो, आणि संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात. म्हणजे दिवाळीनंतर लेकरं परत आणून त्या वर्षी काही मिळत नाही.

कपाशी_बोंड:
महिना ३०० म्हणजे वर्षाचे ३,०००-३,६००. वरच्या ४२,४०० समोर ठेवून ग्रामसभेत वाचून दाखवा.

वर्धाकाठची:
आणि त्या के.जी. तही तीच चूक करू नका. ए-बी-सी-डी घोकून घेण्यापेक्षा वऱ्हाडी गोष्टी, गाणी, मोजणं, चित्रं, माती. इंग्रजीचे शब्द बोलण्यातून येऊ द्या.

पांदणरस्ता:
खडूफळा सर, ठरावाचा नमुना इथे टाकता येईल का? आणि पुढच्या जूनला पहिलीसाठी वयाची अट काय धरायची?

खडूफळा:
३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असावीत, नर्सरीसाठी त्याच तारखेला तीन. नमुना उद्या टाकतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायचा असेल तर विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर आणावा लागेल, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पोच घ्या.